निरोपाची सिंफनी आणि वादकांची एकजूट

कलावंत पैशाची गोष्ट काढूं लागला कीं आपला सुशिक्षित समाज कांहींसा अस्वस्थ होतो. गवयानें बैठकीपूर्वींच बिदागी ठरवून घेतली तर "कलेचा बाजार मांडला" असें म्हणणारे सद्गृहस्थ भावी जांवयाच्या पगाराची चौकशी करतांना मात्र मुळींच संकोचत नाहींत. एकटा गवई घासाघीस करील तर तो लहरी म्हणून त्याची गोष्ट हंसण्यावारीं नेतां येते. परंतु ऐंशी-नव्वद वादक एकत्र येऊन "या अटींवर आम्ही वाजविणार नाहीं" असें सांगूं लागले, म्हणजे रसिकाचा धीर सुटतो. हे कलावंत कीं गिरणींतले कामगार, असा प्रश्न तो करतो. आणि त्या प्रश्नाच्या सुरांतच त्याचें उत्तर असतें. पाश्चात्त्य देशांत असे प्रसंग वारंवार येतात आणि तेथील रसिकही असाच प्रश्न करतात. आमच्या मतें हा प्रश्न संगीताच्या बाहेरचा नाहीं. तो एका थोर संगीतकृतीच्या पोटांतच आहे. आणि ती कृति नीट ऐकली तर वादकांच्या एकजुटीचें बळ कोणतें व उणीव कोणती, हें दोन्ही तींत सांपडतें. ती कृति म्हणजे जोसेफ हायडन याची पंचेचाळिसावी सिंफनी. 'निरोपाची सिंफनी' हें तिचें नांव मागाहून पडलें.

या सिंफनीची हकीकत थोडक्यांत अशी. हायडन हा हंगेरींतील एस्टरहाझी या अतिश्रीमंत घराण्याच्या पदरीं होता. त्याचा धनी प्रिन्स निकोलस यानें दलदलीच्या प्रदेशांत एस्टरहाझा नांवाचा भव्य राजवाडा उभारला होता. वादकांचीं बिऱ्हाडें होतीं तेथून एका दिवसाच्या प्रवासाइतक्या अंतरावर, आयझेनश्टाट या गांवीं. प्रिन्स महाराजांना नवा वाडा इतका आवडे कीं तेथील मुक्काम वर्षानुवर्षें लांबत चालला. वाड्यांत जागेची टंचाई होती. १७७२ च्या आरंभीं हुकूम निघाला कीं वादकांनीं बायकामुलांस तेथें आणूं नये. हायडन व दुसरे दोन-चार जण एवढ्यांनाच यांतून सूट होती. शरद ऋतु आला तरी मुक्काम हलण्याचें चिन्ह दिसेना, तेव्हां वादकांनीं आपल्या प्रमुखाकडे गाऱ्हाणें नेलें. आणि हायडननें अर्ज लिहिण्याऐवजीं ही सिंफनी लिहिली. तिच्या अखेरीस एकेक वादक आपला भाग संपवितो, समोरची मेणबत्ती विझवितो, वाद्य उचलतो आणि निघून जातो. शेवटीं दोनच व्हायोलिनें उरतात. धन्याला अर्थ कळला व दुसऱ्या दिवशीं परत जाण्याची आज्ञा झाली. ही हकीकत हायडननें उतारवयांत आपल्या चरित्रकारांस सांगितली आणि १८१० सालीं ती छापली गेली. तिच्या निरनिराळ्या पाठांत तपशिलाचा फरक आहे. तथापि त्या वर्षींचा ऑक्टोबरमधला एक जमाखर्चाचा कागद मोठा बोलका आहे. हॉर्न या वाद्यास त्या काळीं आजच्यासारख्या कळा नसत. पट्टी बदलावयाची तर नळीचा निराळा तुकडा बसवावा लागे. या सिंफनीची पट्टी इतकी अपरूप होती कीं तिच्यासाठीं अर्ध्या सुराचे तुकडे मुद्दाम करवून घ्यावे लागले. गाऱ्हाणें मांडण्यासाठीं धन्याच्याच खर्चानें नवें सामान करवून घेणारा हा अर्जदार चतुर खरा!

आतां कृतीकडे वळूं. तिची पट्टी एफ् शार्प मायनर. आमच्या पेटीवर सांगावयाचें तर काळी तीन. अठराव्या शतकांतील सिंफनींत ही पट्टी जवळजवळ अश्रुतपूर्व होय. आरंभच खवळलेल्या पाण्यासारखा आहे. कानाला विसांवा म्हणून मिळत नाहीं. शेवटचा भाग द्रुत लयींत त्याच उद्वेगानें धांवत येतो आणि आतां समेवर येणार असें वाटत असतांना अधांतरीं थबकतो. येथें त्या काळच्या रूढीप्रमाणें सिंफनी संपावयाची. ती संपत नाहीं. पट्टी बदलून पांढरी सहा होते, लय संथ होते आणि एक शांत, जवळजवळ घरगुती वाटणारी सुरावट सुरू होते. मग निघण्यास आरंभ होतो. पहिला ओबो व दुसरा हॉर्न आपापला छोटासा स्वतंत्र भाग वाजवून जातात. ज्या बसूननें तोंपर्यंत खालच्या सुरांची नुसती सोबत केली, त्यालाही जाण्यापूर्वीं दोन शब्द बोलावयास मिळतात. पुढें दुसरा ओबो व पहिला हॉर्न जातात. मग डबल बेस, ज्याला एरवीं कोणी एकट्याला ऐकत नाहीं, तो चांगला लांबलचक भाग वाजवितो. आणि त्या भागांतच संगीत पुन्हां मूळ काळी तीनकडे वळतें. म्हणजे घराचा रस्ता दाखविण्याचें काम हायडननें सर्वांत मागें उभ्या असलेल्या, सर्वांत बोजड वाद्याकडे दिलें. नंतर चेलो, बहुतेक व्हायोलिनें, व्हिओला. शेवटीं घोडीवर चाप बसवून आवाज मंद केलेलीं दोन व्हायोलिनें कांहीं काळ एकमेकांशीं बोलतात आणि विरून जातात. आरंभींचा उद्वेग आणि शेवटचा निरोप हे दोन तुकडे चिकटविलेले नसून सबंध कृति या शेवटाकडेच वाहत जाते, असें प्रतिपादन जेम्स वेब्स्टर यांनीं १९९१ सालीं याच सिंफनीवर ग्रंथ लिहून केलें. आम्हांस तें पटतें. ज्याला येथें गंमत एवढेंच दिसतें, त्यानें पहिला भाग ऐकलाच नाहीं असें म्हटलें पाहिजे.

आणि तरीही आज ही कृति सभागृहांत वाजविली जाते ती बहुधा गंमत म्हणूनच. वादक चोरपावलांनीं निघतात, श्रोते हंसतात, वृंदनायक खोटें आश्चर्य दाखवितो. दिलदार धनी व चतुर नोकर यांची ही एक गोड आख्यायिका होऊन बसली आहे. आपल्याकडील अकबर-बिरबलाच्या गोष्टी असतात तशी. या गोडव्याखालीं जें झांकलें जातें तें आम्हांस अधिक मोलाचें वाटतें.

पहिली गोष्ट कराराची. १ मे १७६१ रोजीं हायडननें सही केलेला नोकरीचा करार आजही उपलब्ध आहे. त्या अन्वयें तो वाड्यांतील अंमलदार ठरला. त्यानें व त्याच्या हाताखालील वादकांनीं पांढरे मोजे व स्वच्छ गणवेष घालून यावें. त्यानें दिवसांतून दोनदां बाहेरच्या दालनांत हजर राहून हुकुमाची वाट पाहावी. त्यानें रचलेलें संगीत धन्याचें, त्याची नक्कल दुसऱ्यास देऊं नये. वादकांतील तंटे त्यानें मिटवावेत, मात्र खाण्यापिण्यांत त्यांच्याशीं फार सलगी करूं नये. शेवटची अट वाचून हंसूं येतें. परंतु ती लिहिणारा मूर्ख नव्हता. जो प्रमुख हाताखालच्यांबरोबर जेवतो तो एखादे दिवशीं त्यांच्या बाजूनें बोलूं लागेल, हें त्याला कळत होतें. अकरा वर्षांनीं तें झालेंच.

दुसरी गोष्ट, अखेरपर्यंत मंचावर कोण राहिलें याची. परंपरा सांगते कीं तीं दोन व्हायोलिनें म्हणजे स्वतः हायडन व प्रमुख व्हायोलिनवादक लुइजी टोमासिनी. कुटुंब जवळ ठेवण्याची सूट ज्या थोड्यांना होती त्यांत हे दोघेही होते! म्हणजे ज्यांना घरीं जाण्याची तांतड नव्हती तेच शेवटपर्यंत वाजवीत राहिले, आणि ज्यांना होती त्यांना त्यांनीं एकेक करून वाट करून दिली. आमच्या मतें या सिंफनीचें मर्म येथें आहे. स्वतःला कांटा टोंचत नसतां दुसऱ्याच्या कांट्यासाठीं जो आपली जागा पणास लावतो, त्याच्या कृतीला आम्ही एकजूट म्हणूं. पुष्कळ लोक वाद्यवृंदाचें चित्र पाहून म्हणतात कीं सोळा गज एकाच वेळीं एकाच दिशेनें हालतात, याहून मोठी एकजूट ती कोणती? परंतु तो एकसूर झाला. एकसूर शिस्तीनें येतो, आणि शिस्त धन्यालाही हवीच असते. पलटणींत ती याहून अधिक असते. एकजूट ही निराळी वस्तु. हायडननें ती दाखविली ती एकसूर मोडून, प्रत्येकाला क्षणभर एकट्याचा आवाज देऊन.

तिसरी गोष्ट या अर्जाच्या मर्यादेची. सिंफनीनें रजा मागितली. हुकूम बदलावयास सांगितलें नाहीं. धनी प्रसन्न झाला, मुक्काम हलला, आणि सत्ता जेथल्या तेथें राहिली. १७९० सालीं प्रिन्स निकोलस वारला. गादीवर आलेल्या अँटनला संगीताचें फारसें वेड नव्हतें. त्यानें मोजके लोक ठेवून बाकीच्या वाद्यवृंदास निरोप दिला. हायडनला निवृत्तिवेतन मिळालें. पुढें लंडनला जाऊन त्यानें कीर्ति व पैसा दोन्ही मिळविलीं. परंतु ज्या ओबोवादकांनीं व हॉर्नवादकांनीं एके काळीं मेणबत्त्या विझविल्या त्यांच्या पिढीच्या हातीं काय होतें? आपल्या भाषेंतला 'बिदागी' हा शब्द येथें आठवतो. बिदा म्हणजे निरोप. निरोपाच्या वेळीं धन्यानें खुषीनें दिलेली ती बिदागी. तिच्यांत आदर असतो, क्वचित् औदार्यही असतें. परंतु ती मागतां येत नाहीं, तिच्यावर विसंबून राहतां येत नाहीं, आणि देणारा गेला कीं तीही जाते. १७७२ च्या वादकांना मिळाली ती बिदागी होती.

एकोणिसाव्या शतकांत राजेरजवाड्यांची जागा तिकिटें विकणाऱ्या सभागृहांनीं घेतली आणि वादकांना दुसरा मार्ग सुचला. तो म्हणजे उठून निघून जाण्याचा, पण हायडनच्या वादकांप्रमाणें एकेक करून नव्हे. १८८२ सालीं बर्लिन येथें बेंजामिन बिल्से याच्या वाद्यवृंदांतील ५४ वादक बाहेर पडले. वॉर्सा येथील जलशाला त्यांना रेल्वेच्या चौथ्या वर्गानें नेण्याचा बेत होता, हें त्याचें निमित्त सांगतात. त्यांनीं आपला स्वतंत्र वृंद काढला. तोच आजचा जगप्रसिद्ध बर्लिन फिलहार्मनिक. अद्यापही आपला वृंदनायक तेथील वादक स्वतः निवडतात. १९०४ सालीं लंडनमध्यें असेंच झालें, पण त्याचें कारण गंमतीचें आहे. तेथें बदली पाठविण्याची चाल होती. ठरलेल्या दिवशीं अधिक पैशाचें दुसरें काम आलें तर वादक आपल्या जागीं बदली माणूस पाठवी. गिरणगांवांतल्या मुंबईकराला बदली कामगार माहीत आहे. हा त्याचाच व्हायोलिन घेतलेला भाऊ. तालमीला एक व जलशाला दुसरा, असें होऊं लागल्यावर वृंदनायक हेन्री वुड याच्या क्वीन्स हॉल वृंदानें ही चाल बंद केली. तेव्हां चाळीसएक वादक बाहेर पडले आणि त्यांनीं लंडन सिंफनी ऑर्केस्ट्रा स्थापिला. ९ जून १९०४ रोजीं त्याचा पहिला जलसा झाला. या भांडणांत संगीताच्या दृष्टीनें वुडचें म्हणणें बरोबर होतें, असें आम्हांस प्रामाणिकपणें वाटतें. वादकांची प्रत्येक एकजूट कलेच्या बाजूचीच असते असें नाहीं. येथें ती प्रत्येकाच्या गैरहजर राहण्याच्या हक्कासाठीं होती! परंतु तिच्यांतून वादकांच्या मालकीची संस्था उभी राहिली, हेंही तितकेंच खरें.

आतां कोणी विचारील कीं हे तंटे पुन्हां पुन्हां कां उद्भवतात? धनी कृपण व वादक लोभी, एवढें उत्तर पुरत नाहीं. विल्यम बॉमोल व विल्यम बोवेन या दोन अमेरिकन अर्थशास्त्रज्ञांनीं १९६६ सालीं याचें कारण उलगडून दाखविलें. विणकराच्या हातमागाच्या जागीं यंत्रमाग आला आणि एकाच माणसाच्या हातून पूर्वीच्या अनेक पटींनीं कापड निघूं लागलें. त्यामुळें त्याची मजुरी वाढली तरी कापड महागलें नाहीं. परंतु निरोपाची सिंफनी १७७२ सालीं जितक्या माणसांनीं व जितक्या वेळांत वाजविली, तितकींच माणसें व तितकाच वेळ आजही लागतो. निम्म्या वेळांत वाजविली तर उत्पादन दुप्पट झालें असें कोणी म्हणणार नाहीं. इतर धंद्यांतील वेतनें वाढत जातात. वादकानेंही त्याच बाजारांत धान्य घ्यावयाचें असल्यानें त्याचें वेतन त्यांच्या मागोमाग न्यावें लागतें. आणि तिकिटाचा पैसा खर्चाला कधींच पुरत नाहीं. म्हणून दानशूर लोक, सरकार, ठेवींचें व्याज यांवर वृंद जगतात. प्रिन्स निकोलस गेला. त्याच्या जागीं व्यवस्थापक मंडळ आलें. कृपा व करार यांतील झगडा मात्र चालूच राहिला.

या झगड्याची अलीकडची एक मोठी कसोटी अमेरिकेंतील मिनियापोलिस शहरीं झाली. तेथील मिनेसोटा ऑर्केस्ट्रा १९०३ सालीं स्थापन झालेला. ओस्मो व्हॅन्स्का या फिनलंडच्या वृंदनायकाच्या हाताखालीं त्याची कीर्ति शिखरास पोंचली होती. २००८ च्या आर्थिक मंदीनंतर ठेवी आटल्या आणि तूट वाढली. २०१२ सालीं जुना करार संपत आला तेव्हां मंडळानें मागितलेली वेतनकपात अशी होती कीं वादकाचें सरासरी वार्षिक वेतन सुमारें १,३५,००० डॉलरांवरून ८९,००० डॉलरांवर यावें. वादकांनीं जमाखर्चाची त्रयस्थाकडून तपासणी मागितली व प्रस्ताव फेटाळला. १ ऑक्टोबर २०१२ रोजीं मंडळानें टाळेबंदी पुकारली. वादकांनीं संप केला नव्हता. दारें बाहेरून बंद झालीं. वेतन थांबलें, आरोग्यविमा थांबला. याच सुमारास त्यांच्या सभागृहाचें सुमारें पांच कोटि डॉलर खर्चून नूतनीकरण चालू होतें. ज्या वास्तूंत वाजवावयाचें ती सजत होती आणि वाजविणारे रस्त्यावर होते, हा विरोध शहरच्या सामान्य श्रोत्यालाही खुपला.

एकोणनव्वद हजार डॉलर म्हणजे काय थोडे, असें आमचा वाचक येथें म्हणेल. तेथील श्रोत्यांपैकींही पुष्कळांनीं तसें म्हटलें. आणि हा आक्षेप झटकून टाकण्यासारखा नाहीं. त्याला आमचें उत्तर इतकेंच कीं प्रश्न नुसत्या आंकड्याचा नव्हता. असा वृंद लहानपणापासून रियाज केलेल्या, पडद्याआड वाजवून परीक्षा दिलेल्या आणि वर्षानुवर्षें शेजारीं बसून एकमेकांचा श्वास ओळखूं लागलेल्या माणसांचा असतो. तो एकदां उसवला कीं पैसे आले म्हणून पुन्हां शिवतां येत नाहीं. मंडळ म्हणत होतें, ठेवी संपल्या तर वृंदच उरणार नाहीं. वादक म्हणत होते, चांगले वादक गेले तर ठेवी कशासाठीं राखावयाच्या? दोन्ही भयें खरीं होतीं.

येथें एकजुटीची खरी परीक्षा लागली. पुढच्या बाकावरील नामवंत वादकाला दुसऱ्या शहरीं जागा मिळणें कठीण नसतें. मागच्या बाकावरील पन्नाशीच्या व्हायोलिनवादकाला ती मिळणें जवळजवळ अशक्य. कांहीं वादक गेलेही. पोराबाळांच्या धन्याला त्याबद्दल दोष देण्याचें धाडस आम्ही करणार नाहीं. परंतु बहुसंख्य राहिले. त्यांनीं स्वतःच सभागृहें भाड्यानें घेतलीं, स्वतःच तिकिटें विकलीं. टाळेबंदीनंतर तिसऱ्या आठवड्यांतच त्यांचा पहिला जलसा झाला. त्या दिवशीं वृंदनायकाच्या जागीं उभे होते स्टॅनिस्लाव स्क्रोवाचेव्स्की, १९६० ते १९७९ या काळांतले त्यांचे जुने नायक, वय ८९ वर्षें. इतर शहरांतील वृंदांनीं पैशाची मदत पाठविली, आणि आपल्या रिकाम्या जागांवर या वादकांना बदली म्हणून कामें दिलीं. १९०४ सालीं लंडनला जी बदली ज्याच्या त्याच्या नफ्यासाठीं होती, तीच येथें एकमेकांच्या चुलीसाठीं झाली. शब्द तोच, एकजुटीनें त्याचा अर्थ पालटला.

आणि येथेंही एक हायडन निघाला. वृंदनायक हा वादकांच्या संघटनेचा सभासद नसतो. त्याचा करार निराळा, त्याचें वेतन निराळें. व्हॅन्स्कानें आधींच सांगितलें होतें कीं न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमधले ठरलेले जलसे रद्द झाले तर आपण राहणार नाहीं. ते रद्द झाले. आणि १ ऑक्टोबर २०१३ रोजीं, टाळेबंदीला बरोबर एक वर्ष पूर्ण होत असतां, त्यानें राजीनामा दिला. त्याच आठवड्यांत त्यानें बाहेर ठेवलेल्या वादकांबरोबर निरोपाचे जलसे केले. अखेरची रचना होती सिबेलियसची 'व्हाल्स त्रिस्त', म्हणजे उदास नृत्यसंगीत. 'मृत्यु' याच नांवाच्या एका नाटकासाठीं ती मुळांत १९०३ सालीं लिहिलेली. टाळ्या वाजवूं नयेत अशी श्रोत्यांना विनंति होती. सभागृह शांतपणें रिकामें झालें. १७७२ सालीं वादक गेले व नायक मागें राहिला; येथें नायक गेला व वादक मागें राहिले. क्रम उलटा आहे, परंतु अर्थ तोच कीं ज्याला जाण्याचें वा राहण्याचें स्वातंत्र्य होतें त्यानें ज्यांना तें नव्हतें त्यांच्यासाठीं तें खर्च केलें.

१४ जानेवारी २०१४ रोजीं तडजोड झाली. वादकांनीं पंधरा टक्के कपात मान्य केली. म्हणजे ते जिंकले असें म्हणतां येत नाहीं. पंधरा महिन्यांचें वेतन गेलें तें गेलेंच. परंतु मंडळानें मागितलेल्या कपातीच्या निम्म्याहून ती कमी होती, आणि वृंद टिकला. त्याच महिन्यांत त्यांच्या सिबेलियसच्या ध्वनिमुद्रिकेला ग्रॅमी पारितोषिक मिळालें. फेब्रुवारींत ते आपल्या सभागृहांत परतले तेव्हां पुन्हां वृद्ध स्क्रोवाचेव्स्कीच पुढें उभे होते. वसंतांत व्हॅन्स्काला परत बोलावण्यांत आलें आणि तो २०२२ पर्यंत तेथें राहिला. १७९० च्या वादकांशीं याची तुलना करा. त्यांच्यामागें धन्याची आठवण होती; यांच्यामागें लेखी करार, संघटना, दुसऱ्या शहरांतले भाऊबंद आणि जागा झालेला श्रोतृवर्ग होता. कृपेला उत्तराधिकारी नसतो, कराराला असतो.

आपल्याकडे असा वृंद नाहीं, म्हणून हा विषय परका आहे, असें कोणी समजूं नये. आमचें अभिजात संगीत एकट्या गवयाचें व दोघातिघा साथीदारांचें. तेथें शंभर जणांच्या कराराचा प्रश्न उद्भवत नाहीं. परंतु मुंबईच्या चित्रपटसंगीतांत मोठे वाद्यवृंद अनेक दशकें वाजले, आणि त्यांत गोव्याहून आलेल्या, चर्चच्या शाळांत स्वरलिपि शिकलेल्या वादकांचा फार मोठा वांटा होता. अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसोझा यांच्यासारख्या संयोजकांनीं चालीला वृंदाचें अंग दिलें. तबकडीवर नांव गायकाचें व संगीतकाराचें. व्हायोलिनच्या रांगेंतल्या माणसाला त्या त्या दिवसाच्या वादनाचे पैसे मिळत आणि गाणें लोकप्रिय झालें तरी त्याचें नांव कोणालाच ठाऊक नसे. त्यांनींही आपली संघटना बांधली व मेहनतान्याचे दर ठरवून घेतले. पुढें विसाव्या शतकाच्या अखेरीस विजेवर चालणारा एकच पेटीवजा संच अनेक व्हायोलिनांचा आभास करूं लागला, आणि त्या रांगा विरळ झाल्या. तेथें करार करावयाला समोर कोणी उरलेंच नाहीं. आपल्या घरोघरीं ज्या सुरावटी गुणगुणल्या जातात त्यांच्यामागें ही न सांगितलेली निरोपाची सिंफनी आहे, याची जाणीव आम्हां रसिकांना फारशी नाहीं.

हे कलावंत कीं गिरणींतले कामगार, या प्रश्नाला आमचें उत्तर असें कीं ते दोन्ही आहेत, आणि हायडनला तें पूर्ण ठाऊक होतें. पांढरे मोजे घालून हुकुमाची वाट पाहणारा नोकर आणि काळी तीनच्या अनवट पट्टींत उद्वेग उभा करणारा कलावंत हे एकाच देहांत राहत होते. म्हणूनच ही सिंफनी लिहिली गेली. कलावंतानें पोटाचें बोलूं नये असें म्हणणारा रसिक त्या देहाचे दोन तुकडे करूं पाहतो. वादकांनींही आपली एकजूट नुसत्या हक्कासाठीं राखली आणि संगीताला विसरले, तर लंडनच्या बदलीसारखें होतें, हा धडा त्यांनाही घेण्यासारखा आहे. परंतु मिनियापोलिसला बंद दारांबाहेर जे वाजवीत राहिले, त्यांनीं हक्क व संगीत यांत निवड करण्याचेंच नाकारलें.

ही सिंफनी पुढें कधीं ऐकण्याचा योग आला तर वाचकांनीं शेवटच्या हंशांत जरूर सामील व्हावें. हायडनलाही तो नको होता असें नाहीं. मात्र डबल बेस वाजूं लागेल तेव्हां क्षणभर कान द्यावा. त्याच्यानंतर थोड्याच वेळांत मंच रिकामा होतो. आणि जे गेले ते कोणत्या भरंवशावर परत यावयाचे, हें सिंफनींत लिहिलेलें नाहीं.